अंथरूण पाहून पाय, पाय पाहून फिन्स

आपल्या बिदर-कलबुर्गीकडे समुद्र नाही. आहे ती मांजरा नदी, कारंजाचा जलाशय आणि शेताशेतातल्या विहिरी. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरीत मी पोहायला शिकलो, तो पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. धाकटी बहीण काठावर आमचे कपडे सांभाळत बसायची. मुलींनी विहिरीत उतरायचे नाही, असा घरचा नियम. तिने कधी तक्रार केली नाही, आणि ती कधी पोहायला शिकली नाही.

ती आता हुमनाबादला असते. घरात सासरची कन्नड आणि माहेरची मराठी, दोन्ही नांदतात. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला. "अण्णा, पोरगी समुद्राच्या तळाला जाते म्हणते. तिला नको जाऊ म्हणू नकोस. पण नीट जा, एवढं सांग."

भाची बंगळूरला नोकरी करते. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी स्कुबा डायव्हिंग शिकायला तिने नाव घातले होते. त्याआधी जलतरण तलावात सराव सुरू होता. हौसेने तिने स्वतःच्या फिन्स इंटरनेटवरून मागवल्या, बुटाचा नंबर बघून. फिन्स म्हणजे पायात घालायचे लांब पंख. माशाच्या पराला कन्नडमध्ये 'ईजुरेक्के' म्हणतात, म्हणजे पोहण्याचे पंख. आपल्या घरांत हा शब्द चटकन समजेल.

तिसऱ्याच फेरीत तिच्या पायाची बोटे बधिर झाली आणि पोटरीत गोळा आला. शिकवल्याप्रमाणे तिने फिनचे टोक हाताने धरले, गुडघा सरळ केला आणि टोक स्वतःकडे ओढले. गोळा उतरला. पण पहिल्या अभ्यासक्रमातच 18 मीटरपर्यंत खाली जायचे असते. तिथे असे झाले तर?

"मामा, फिन्सच खराब आहेत," ती म्हणाली. फिन्स चांगल्या होत्या, महागही होत्या. फक्त तिच्या पायाच्या नव्हत्या.

बहिणीने लगेच सुचवले, "तिचा पाय कागदावर काढून दुकानात पाठवू या का?" लहानपणी वडील असेच करायचे. वर्तमानपत्रावर आमची पावले पेन्सिलीने काढून बिदरच्या बाजारातून चपला आणायचे. पण कागदावर पावलाची लांबी-रुंदी येते, पावलाचा उंचवटा येत नाही. भाचीला चावत होते नेमके तिथेच. शिवाय प्रत्येक कंपनीचे नंबर वेगळे. म्हणून पायच दुकानात न्यावा लागतो. मीही बरोबर गेलो.

तिथे कळले की फिन्स मुख्यतः दोन प्रकारच्या. एकीत बुटासारखे अख्खे पाऊल जाते, ती अनवाणी घालतात. ती हलकी, कोमट पाण्यात बोटीवरून उतरणाऱ्याला सोयीची. दुसरी टाचेकडे उघडी, मागे पट्टा. तिच्यासाठी आत जाड रबरी मोजे लागतात. खडकाळ किनाऱ्यावरून चालत जायचे असेल किंवा पाणी गार असेल तर ही बरी. नेत्राणीला बोटीने जातात आणि पाणी कोमट, तेव्हा पहिली पुरे.

मग घालून पाहायची. बोटे हलली पाहिजेत, टाच सुटता कामा नये, पावलावर वरून दाब नको. बसून पाय हलवला तरी फिन डुलू नये. सैल फिन पाण्यात निसटते आणि कातडी सोलते, घट्ट फिन बोटे बधिर करते.

तिसरी गोष्ट पात्याची. लांब, कडक पाते जास्त पाणी ढकलते खरे, पण तेवढी ताकद मांडीत हवी. नवख्याने मध्यम लवचीक पाते घ्यावे आणि पाय गुडघ्यातून न झोडपता कमरेपासून हलवावा. नेत्राणीला प्रवाळ आहेत. लांब पात्याचा एक फटका वर्षानुवर्षे वाढलेले प्रवाळ मोडू शकतो.

हा शोध तसा अलीकडचा. बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी हाताला फळ्या लावून पोहून पाहिले होते. पायासाठीही त्याने काही केले, पण त्याचे समाधान झाले नाही. आजच्या धर्तीच्या फिन्सचे पेटंट फ्रान्सच्या लुई द कोर्लियू यांनी 1933 साली घेतले.

घरी आणल्यावर मात्र काळजी आपल्याच हाती. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवायच्या, सावलीत सपाट ठेवून वाळवायच्या. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत विसरलात तर पाते वाकडे झालेच समजा.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपण म्हणतो. कन्नडमध्येही तेच, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. इथे मात्र म्हण उलटी करावी लागते. पाय पाहूनच अंथरूण घ्यावे.

मुरुडेश्वरला बहीणही आली होती. बोट परत येईपर्यंत ती किनाऱ्यावर लेकीच्या कपड्यांची पिशवी घेऊन बसून होती, पूर्वी विहिरीच्या काठावर बसायची तशीच. भाची हसत उतरली. फिन्स वाळूत पडल्या होत्या. बहिणीने चप्पल काढली, एकीत हळूच पाय घातला, टाच दाबून पाहिली आणि मला विचारले, "अण्णा, माझा नंबर किती असेल रे?"