तारा निघाल्यानंतर

गेल्या मे महिन्यात माझ्या चौदा वर्षांच्या नातीच्या दातांच्या तारा निघाल्या. दोन वर्षे तिने त्या निमूटपणे तोंडात वागवल्या होत्या. त्या संध्याकाळी घरात श्रीखंड आले, फोटो निघाले, मावश्या-आत्यांना फोन गेले. नात आरशासमोर उभी राहून दातांवरून जीभ फिरवत होती आणि ‘आजोबा, एकदम गुळगुळीत लागतंय’ असे पुनःपुन्हा सांगत होती. ह्या सगळ्या गडबडीत तिच्या आईचे, म्हणजे माझ्या मुलीचे, लक्ष मात्र डॉक्टरांनी दिलेल्या एका निळ्या डबीकडे होते. तिने डबी उघडली, आतली पारदर्शक पट्टी उजेडात धरून पाहिली, परत ठेवली आणि मला म्हणाली, ‘बाबा, ह्या वेळी हे हरवू द्यायचं नाही.’

‘ह्या वेळी’ ह्या दोन शब्दांत एक जुनी थकबाकी होती आणि ती माझ्या नावावर होती.

१९९९ साली मी बँकेच्या कोल्हापूरच्या एका शाखेत होतो. मुलगी तेरा वर्षांची. वरचे पटाशीचे दात पुढे आलेले, एक सुळा वर चढलेला. शाळेत मुले चिडवत, म्हणून ती तोंडावर हात धरून हसायची. ऑर्थोडॉन्टिस्टकडे गेलो. त्यांनी सांगितलेला आकडा माझ्या जवळजवळ दीड महिन्याच्या पगाराइतका होता. हप्ते बांधून घेतले. २००१ च्या उन्हाळ्यात तारा निघाल्या, दात सरळ झाले, शेवटचा हप्ता मी त्याच दिवशी चुकता केला. डॉक्टरांनी एक गुलाबी प्लेट दिली. टाळूला चिकटून बसणारी, पुढून एक तार असलेली. ‘रोज घालायची, दर दोन महिन्यांनी दाखवायला यायचं,’ असे काहीतरी ते सांगत होते. त्या वेळी मी नोटा मोजत होतो.

त्याच जूनमध्ये माझी बदली अकोल्याला झाली. सामान, घर, शाळेचा दाखला ह्यांत कोल्हापूरचे डॉक्टर मागे पडले. प्लेट घालून बोलले की तिचा ‘स’ घसरायचा आणि नव्या शाळेत नव्याने चिडवणे सुरू झाले. एके दिवशी तिने विचारले, ‘बाबा, प्लेट नाही घातली तर चालेल का?’ मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, ‘आता दात सरळ झालेत ना? चालेल.’ पुढे ती प्लेट कुठल्याशा ट्रंकेत गेली आणि वर्षभराने काढून घालायला गेलो तर बसेना. कॉलेजला जाईपर्यंत खालचे दात एकमेकांवर चढले होते, वरचा एक फिरला होता आणि तो हात पुन्हा तोंडावर आला होता. तिच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती सगळीकडे ओठ मिटून हसते आहे. घरात आम्ही दोष अक्कलदाढेला दिला. बहुतेक घरांत तो तिलाच दिला जातो. संशोधन मात्र तिला मुख्य आरोपी मानायला तयार नाही. आमच्या घरातला आरोपी तर वर्तमानपत्र वाचत बसला होता.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, ही साधी गोष्ट मला साठी ओलांडल्यावर कळली. मूळ आणि हाड ह्यांच्यामध्ये तंतूंचे एक मऊ अस्तर असते. तारेचा हलका दाब सतत राहिला की दात ज्या बाजूला सरकतो तिथले हाड विरघळते आणि मागे नवे हाड भरत येते. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी तीन-चार महिन्यांत रुळतात. हिरडीतले, दाताच्या मानेभोवतीचे लवचीक तंतू मात्र ताणलेल्या रबरासारखे दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात आणि त्यांची ओढ सुटायला वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ लागतो. नॉर्वेचे कारे राइटान ह्यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांचे दात जागच्या जागी फिरवून, मग रोखून धरून पाहिले. २३२ दिवसांनंतरही हिरडीतले तंतू ताणलेलेच होते.

आणि गोष्ट वर्षभरावर संपत नाही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रॉबर्ट लिट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, उपदाढा काढून दात सरळ केलेल्या ३१ जणांचे दात रिटेनर बंद झाल्यानंतर वीस वर्षांनी तपासले. १९८८ च्या त्या अहवालानुसार खालचे पुढचे दात समाधानकारक म्हणता येतील असे फक्त दहा टक्के निघाले. त्यात उपचार करणाऱ्यांचा हलगर्जीपणा नव्हता. ज्यांनी कधीच तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटी करतात. चाळिशीत केस पांढरे होतात तसेच हे. म्हणजे सरळ झालेले दात सरळ राहावेत असे वाटत असेल तर ते धरून ठेवावे लागतात, आणि किती दिवस ह्याचे प्रामाणिक उत्तर ‘ते सरळ हवे आहेत तितके दिवस’ एवढेच आहे.

बँकेत आम्ही लहान कारखान्यांना कर्जे देत असू. यंत्रसामग्रीसाठी मुदत कर्ज मंजूर व्हायचे, यंत्र यायचे, हार-नारळ व्हायचा, आणि खेळत्या भांडवलाचा विचार कोणी केलेलाच नसायचा. मग दोन वर्षांत कारखाना आजारी. यंत्र झकास, पण ते चालवायला पैसा नाही. दातांच्या बाबतीत आपण हेच करतो. सगळा खर्च, सगळी हौस, सगळी चौकशी तारांची. त्यानंतरच्या काळाचा हिशेब मंजुरीच्या कागदावर नसतोच.

डॉक्टर सांगतात, लोक ऐकत नाहीत, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आमच्या डॉक्टरांनीही सांगितले होते. पण शेवटच्या दिवशी सांगितले. कर्जाच्या अटी माणूस सही करण्याआधी वाचतो, रक्कम हातात पडल्यावर कोण वाचतो? म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की रिटेनरची गोष्ट पहिल्या दिवशी, तारांच्या आकड्याबरोबरच, त्याच कागदावर लिहिली गेली पाहिजे. कोणता रिटेनर, किती काळ, तो मोडला किंवा हरवला तर दुसऱ्याची किंमत काय, तपासणीचे पैसे वेगळे की त्यातच. डॉक्टरांनी लिहिले नाही तर आपण विचारावे. आणि आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसांनी आणखी एक मागावे. तारा निघाल्यावर घेतलेला दातांचा प्लॅस्टरचा साचा, किंवा हल्ली स्कॅन करतात त्याची फाईल. दात हलण्याआधी ती हाताशी असेल तर नव्या गावातला डॉक्टर तिच्यावरून नवा रिटेनर करू शकतो. माझ्याकडे असा साचा असता तर अकोल्याचे दुखणे निम्मे झाले असते.

निवडीचे म्हणाल तर मुख्य प्रकार तीन. माझ्या मुलीची ती गुलाबी प्लेट अमेरिकेतल्या चार्ल्स हॉली ह्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९१९ मध्ये मांडली आणि ती अजून टिकून आहे. दणकट, दुरुस्त करता येणारी, पण दिसणारी आणि बोलण्यात आड येणारी. दुसरी नातीला मिळाली ती पारदर्शक पट्टी. हिची कल्पना रॉबर्ट पोनिट्झ ह्यांनी १९७१ मध्ये मांडली आणि १९९३ मध्ये जॉन शेरिडन ह्यांच्या पातळ पट्टीनंतर ती सगळीकडे पसरली. दिसत नाही, बोलता येते, पण झिजते, चिरते, बदलावी लागते. तिसरी म्हणजे दातांच्या मागच्या बाजूला कायमची चिकटवलेली पिळाची बारीक तार.

ह्यांत सर्वांत चांगली कोणती, हे २०२३ मध्ये कोक्रेन ह्या संस्थेने पुन्हा घेतलेल्या आढाव्यातही ठामपणे सांगता आलेले नाही. तेव्हा प्रश्न दातांपेक्षा स्वभावाचा उरतो. दर आठवड्याला कंपासपेटी हरवणाऱ्या मुलाच्या हाती काढता-घालता येणारी पट्टी देऊन वर त्याच्यावर ओरडण्यात काय अर्थ? त्याला मागची तार बरी. पण ती लावली म्हणजे विसरायला मोकळे, असेही नाही. खालच्या पुढच्या दातांमागे लाळेच्या नळ्या उघडतात, तिथे कीटण लवकर साठते. तारेखालून दोरा ओवून किंवा फटीतल्या बारीक ब्रशने ते रोज काढावे लागते. तार एखाद्या दातावरून सुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, त्यामुळे पत्ताच लागत नाही, आणि सुटलेला दात आपल्या वाटेने जातो. उसाचे कांडे दाताने सोलणे, कडक चिक्की पुढच्या दातांनी फोडणे तिला सोसत नाही. कोल्हापूरकडच्या मुलांना हे सांगणे किती अवघड आहे ते मी जाणतो.

पट्टीचे पथ्य आमच्या घरात नातीपेक्षा मलाच पाठ झाले आहे. ती गरम पाण्याने धुवायची नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच आठवड्यात स्वच्छतेच्या उमाळ्याने ती उकळत्या पाण्यात टाकली आणि बाहेर आली ती कुठल्याच माणसाच्या तोंडात बसेल अशी नव्हती. दुसरी करावी लागली. थंड किंवा कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. टूथपेस्टने तिच्यावर बारीक चरे पडतात आणि मग त्यांत घाण बसते. उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही. जेवताना काढायची आणि पट्टी तोंडात असताना पाण्याखेरीज काही प्यायचे नाही, कारण गोड चहा पट्टीच्या आत शिरला की तो दाताला चिकटून बसतो, लाळेला तो धुता येत नाही, आणि सरळ झालेला दात किडायला लागतो. आणि तोंडात नसेल तेव्हा ती डबीत. कागदी रुमालात कधीच नाही. डिसेंबरात पुण्याच्या एका मंगल कार्यालयात नातीने ती कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली आणि आईसक्रीम आणायला गेली. मग आजोबांनी, म्हणजे एका निवृत्त वरिष्ठ व्यवस्थापकाने, खरकट्याच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून ती शोधली. वाढपी फार समजूतदार होते.

एक गोष्ट मला खटकते ती सांगतोच. मुलींचे दात आपण लग्नाच्या तारखेकडे डोळा ठेवून सरळ करतो. फोटोपुरते झाले की आईबापांचे काम संपते. आता तर दवाखान्यात फारसे न जाताही दात सरळ करून मिळतील असे सांगणाऱ्या कंपन्या निघाल्या. अमेरिकेतली स्माईल डायरेक्ट क्लब ही त्यांतली सर्वांत गाजलेली. २०१४ ची ही कंपनी २०२३ च्या डिसेंबरात बंद पडली. उपचार अर्धे झालेल्यांचे हाल झालेच, पण ज्यांचे पूर्ण झाले होते त्यांना पुढची पट्टी कोण देणार? दात कंपनीपेक्षा जास्त वर्षे जगतात, हे दात दाखवायला जाताना लक्षात ठेवावे.

माझी मुलगी आता एकोणचाळीस वर्षांची आहे. नातीच्या तारा निघाल्यानंतर दोन महिन्यांनी तिने स्वतःचे दात पुन्हा दाखवले. मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरांनी तपासले, वर्षभर लागेल म्हणाले, कागदावर एक आकडा लिहिला आणि कागद तिच्याकडे सरकवला. तिने तो वाचून त्यांच्याकडे परत सरकवला आणि म्हणाली, ‘ह्याच्या खाली त्यानंतरचं लिहा.’ डॉक्टरांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि पेनचे टोपण पुन्हा काढले.