इंजिन मागे आहे म्हणून हसू नका



संध्याकाळी हडपसरच्या गाडीतळापाशी वाहने तुंबली की सोलापूर रस्त्यावर सगळ्या जातींच्या गाड्या एका रांगेत येतात. अशाच एका संध्याकाळी छत मागे दुमडलेली, दोन आसनांची एक लाल स्पोर्ट्स कार सिग्नलला उभी होती. तिच्या एका बाजूला रिक्षा होती आणि दुसऱ्या बाजूला जुनी टाटा नॅनो. सायकलवरची दोन मुले त्या लाल गाडीकडे डोळे विस्फारून पाहत होती. एक म्हणाला, "हिचं इंजिन सीटच्या पाठीमागे असतं, माहीत आहे?" दुसऱ्याने नॅनोकडे बोट दाखवले, "हिचंपण मागेच आहे. रिक्षासारखं!" आणि दोघे खो खो हसले.

त्या हसण्याचे मला वाईट वाटले. एकाच रचनेला एका गाडीत मान आणि दुसरीत हसे. हा निकाल शास्त्राने दिलेला नाही, किमतीने दिलेला आहे. तो शास्त्राच्या कसोटीवर टिकतो का, हे आपण तपासू या.

प्रथम इंजिन मध्ये ठेवतात ते कशासाठी? एक सोपा प्रयोग करा. एक मीटर लांबीची काठी घ्या. तिच्या दोन्ही टोकांना पाण्याने भरलेल्या एकेक लिटरच्या बाटल्या घट्ट बांधा. काठी मधोमध धरून डावीकडे-उजवीकडे झटक्याने फिरवून पाहा. आता त्याच बाटल्या मध्यापासून दहा-दहा सेंटिमीटरवर बांधा आणि पुन्हा फिरवा. वजन तेच आहे, पण काठी आता किती सहज फिरते! घुमण्याला होणाऱ्या या विरोधाला निरूढी परिबल म्हणतात. ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या वेळी अंतर 50 सेंटिमीटर होते, दुसऱ्या वेळी 10. अंतर पाचपट, म्हणून बाटल्यांमुळे होणारा विरोध पंचवीसपट!

मोटारीतील सर्वांत जड वस्तूंपैकी एक म्हणजे इंजिन. ते पुढच्या आणि मागच्या आसांच्या दरम्यान, चालकाच्या पाठीमागे ठेवले की गाडी वळणावर चटकन वळते. शिवाय मागच्या, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या चाकांवर पुरेसे वजन पडते आणि त्यांची रस्त्यावरची पकड वाढते. तोटेही आहेत. जी गाडी चटकन वळते ती घसरल्यावर चटकन गरगरतेही. इंजिनाची उष्णता आणि आवाज पाठीशी येतो आणि दुरुस्तीसाठी हात पोचवायला कसरत करावी लागते.

दुसरा भाग छताचा. छत काढले म्हणजे गाडी आपोआप हलकी झाली, असे पुष्कळांना वाटते. बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण चिकटपट्टीने पक्के बसवून खोक्याला पीळ द्या. मग झाकण काढून पुन्हा पीळ द्या. उघडे खोके लगेच वाकडे होते. गाडीचे छत हे त्या झाकणासारखेच काम करते. ते काढले की तळ आणि दारांखालच्या कडा अधिक भक्कम कराव्या लागतात, आणि त्यात वजन वाढते. म्हणून उघडी गाडी बनवणे हे बंद गाडी बनवण्यापेक्षा अवघड काम आहे.

आता आकडे पाहू. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने 1996 मध्ये बॉक्स्टर ही उघडी गाडी आणली. तिचे इंजिन सुमारे 2.5 लिटरचे. त्यात सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे निजवलेले. त्यामुळे इंजिन बुटके होते आणि गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो. शक्ती 204 अश्वशक्ती, वजन सुमारे 1250 किलोग्रॅम.

त्याच वर्षी इंग्लंडच्या लोटस कंपनीची एलिस विक्रीस आली. तिच्यातले 1.8 लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन रोव्हर कंपनीचे होते, आणि त्याच जातीची इंजिने रोव्हरच्या साध्या कौटुंबिक गाड्यांतही बसत. शक्ती अवघी 120 अश्वशक्ती. पण ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून केलेल्या सांगाड्यामुळे गाडीचे वजन 725 किलोग्रॅमच्या आसपास राहिले. आता भागाकार करा. बॉक्स्टरला दर टन वजनामागे सुमारे 163 अश्वशक्ती मिळते, एलिसला सुमारे 165! अश्वशक्तीच्या रकान्यात जवळजवळ अर्ध्यावर असलेली गाडी बरोबरीला आली, ती वजन कमी करून.

आता आपली नॅनो. पुण्यातील अभियंत्यांचा जिच्या घडणीत मोठा वाटा आहे अशी ही गाडी 2008 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. इंजिन 624 घन सेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे, ॲल्युमिनियमचे. त्याची थरथर कमी करण्यासाठी आत एक समतोल दांडा बसवलेला. सुरुवातीच्या गाडीची शक्ती 35 अश्वशक्ती, वजन सुमारे 600 किलोग्रॅम. हे इंजिन मागच्या आसनाखाली, मागच्या आसालगत आहे. त्याला 'मध्ये' म्हणायचे की 'मागे', यावर वाद घालता येईल. पण ते तेथे ठेवण्याचे कारण पाहा. पुढे इंजिन नाही, म्हणून लांब नाक नको. सुमारे 3.1 मीटर लांबीत चार माणसे ऐसपैस बसतात. इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांच्याजवळच आहे, म्हणून गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब दांडाही नको.

आणखी एक गोष्ट रस्त्यावर उभे राहूनही दिसते. नॅनोची मागची चाके पुढच्यांपेक्षा रुंद आहेत. पुढचे टायर 135 मिलिमीटरचे, मागचे 155 चे. बॉक्स्टरचे पुढचे 205, मागचे 225. एलिसचे पुढचे 185, मागचे 205. तिन्ही गाड्यांत फरक वीस मिलिमीटरचाच! मागे भार जास्त असलेल्या गाडीची शेपूट वळणावर आधी घसरू नये, हा प्रश्न तिन्ही ठिकाणच्या अभियंत्यांना पडला आणि तिघांनी सारखेच उत्तर काढले.

याचा अर्थ नॅनोची आरतीच ओवाळावी असा नव्हे. 2010 च्या सुमारास काही नॅनो गाड्यांना आगी लागल्या. 2014 साली ग्लोबल एनकॅप संस्थेच्या धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी तिला शून्य तारे मिळाले. 'सर्वांत स्वस्त' ही ओळखही तिला भोवली, आणि पुढे 2018 मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्यावर टीका करायची तर या चाचणीवरून करा. ती टीका मोजमापावर उभी आहे. इंजिनाच्या जागेवरून केलेली थट्टा कशावरच उभी नाही.

हडपसरच्या मुलांना हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. हडपसरला लागूनच मुंढवा आहे. तेथे भारत फोर्जच्या कारखान्यात तापून लाल झालेले पोलाद साच्यांत दाबून क्रँकशाफ्ट घडवतात. दट्ट्याच्या खाली-वर होण्याचे रूपांतर गोल फिरण्यात करणारा इंजिनाचा हा कणाच म्हणा ना. या भागातील लेथ आणि ड्रिलवर अनेक घरांतील वडील, काका, ताई काम करतात. आपण बनवलेला भाग महागड्या गाडीत जातो की मालमोटारीत, हे पाहून त्यांनी मापात सूट घ्यायची का? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक दोन्हीकडे चूकच. किंमत पाहून हसायला शिकलेला मुलगा उद्या स्वतःच्या घरच्या कामालाही हसेल, ही माझी खरी भीती आहे.

म्हणून गाड्यांचे आकडे जरूर पाठ करा, पण प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारा. ही शक्ती किती वजनामागे? ते वजन गाडीत कोठे? आणि ही रचना कोणाची कोणती अडचण सोडवण्यासाठी? शिक्षकांना माझी विनंती आहे की, गुरुत्वमध्य शिकवताना पुठ्ठ्याचा तुकडा आणि ओळंबा यांवरच थांबू नये. मुलांना शाळेच्या फाटकाशी न्यावे आणि उभ्या रिक्षेचे इंजिन कोठे आहे, ते तेथे का आहे, हे रिक्षावाल्या काकांनाच विचारायला सांगावे. बाटल्या आणि काठी मात्र बरोबर न्यायला विसरू नका. काकांनाही ती फिरवून पाहायला आवडेल.