प्रवेशाचा अर्ज कोणत्या संकेतस्थळावर भरावा?



बारावीची परीक्षा संपली की शेतकऱ्याच्या घरात दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक खरिपाच्या बियाण्याचा आणि दुसरा मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा. पहिल्या हिशेबात आपण पटाईत असतो. कोणत्या जमिनीला कोणते वाण, कोणता माल कोणत्या बाजारात, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दुसऱ्या हिशेबात मात्र आपण तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत जाऊन "याचा अर्ज भरून द्या" एवढेच सांगतो आणि कोणत्या संकेतस्थळावर कोणता अर्ज भरला, हे विचारतही नाही. पूर्वी महाविद्यालयाच्या खिडकीवर उभे राहून अर्ज घेतला की काम भागत असे. आता प्रत्येक अभ्यासक्रमाचे दार वेगळे झाले आहे. चुकीच्या दारात उभे राहिले तर गुण चांगले असूनही वर्ष वाया जाते. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून या दारांची ओळख करून घेऊ.

उदाहरण घेऊ मुंबईतील वर्सोव्याचे. शेततळ्यात मासे सोडणारे आणि खाडीकाठी कोळंबी करणारे शेतकरी आता बरेच झाले आहेत. त्यांच्या मुलांना मत्स्यशास्त्र शिकावेसे वाटते आणि "वर्सोव्याच्या मत्स्य कॉलेजात प्रवेश कसा मिळेल?" असा प्रश्न हमखास येतो. अंधेरीच्या पश्चिमेला, वर्सोवा कोळीवाड्याच्या अलीकडे, यारी रोडच्या भागात केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. ही संस्था १९६१ साली सुरू झाली, १९७९ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली आणि १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जलकृषी, माशांचे आरोग्य, मत्स्यखाद्य, मत्स्यप्रक्रिया, मत्स्य अर्थशास्त्र, मत्स्य विस्तार असे विषय तेथे शिकवले जातात. हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे खारवट भूजलावर कोळंबी वाढवण्याचे काम याच संस्थेच्या केंद्राने केले. समुद्रापासून शेकडो मैल दूर, पीक न येणाऱ्या खारवट जागेत उत्पन्न निघते, हे त्यामुळे शेतकऱ्यांना दिसले.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वर्सोव्याच्या या संस्थेत बारावीनंतर प्रवेश मिळत नाही. तेथे पदव्युत्तर पदवी म्हणजे एम.एफ.एससी. आणि त्यापुढे पीएच.डी. यांचे शिक्षण मिळते. एम.एफ.एससी.ला जाण्यासाठी आधी चार वर्षांची मत्स्यविज्ञान पदवी म्हणजे बी.एफ.एससी. हवी. मुंबईत राहायला मिळावे म्हणून मुलाने जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेऊन तीन वर्षांची बी.एससी. केली आणि नंतर वर्सोव्याला जाऊ असे ठरवले, तर तीन वर्षांनंतर दार बंद आढळते. म्हणजे बारावीच्या उन्हाळ्यात कोणत्या संकेतस्थळावर अर्ज केला, यावर चार वर्षांनंतरचे वर्सोवा अवलंबून असते.

बी.एफ.एससी.साठी महाराष्ट्रात कोठे जायचे? रत्नागिरीजवळ शिरगाव येथे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय १९८१ सालापासून आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची मत्स्य महाविद्यालये नागपूर आणि उदगीर येथे आहेत. या अभ्यासक्रमाला बारावीला जीवशास्त्र हवे, हे अकरावीतच ध्यानात ठेवावे. आता यांची दारे पाहू.

पहिले दार राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचे, म्हणजे सीईटी सेलचे. येथे एमएचटी-सीईटी ही परीक्षा होते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी व संलग्न अभ्यासक्रम यांचे दार हेच. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या पदवीला याच बाजूने जावे लागते. परीक्षेचे दोन गट असतात. एक भौतिक, रसायन, गणिताचा आणि दुसरा भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा. ज्याला मत्स्यविज्ञानाकडे जायचे त्याने जीवशास्त्राचा गट भरावा. परीक्षेची नोंदणी आणि प्रवेशाची नोंदणी ही दोन वेगळी कामे आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. परीक्षा दिली, गुण आले म्हणजे अर्ज झाला असे नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेश फेरीसाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, कागद तपासून घ्यावे लागतात आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो.

दुसरे दार केंद्राचे. देशातील कृषी विद्यापीठांच्या पदवीच्या २० टक्के जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषद भरते. त्यासाठी २०२३ पासून सीयूईटी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ती राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए घेते. सीयूईटीचा अर्ज भरताना परिषदेने सांगितलेलेच विषय निवडावे लागतात आणि निकालानंतर परिषदेच्या समुपदेशन फेरीत वेगळी नोंदणी करावी लागते. या मार्गाने परराज्यातील विद्यापीठात जाणाऱ्या मुलांसाठी परिषदेची शिष्यवृत्तीही असते. ज्याचे गुण बरे आहेत आणि बाहेर जाण्याची तयारी आहे, त्याने ही वाट सोडू नये. पुढे वर्सोव्याला जातानाही परिषदेचीच पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

तिसरे दार नीटचे. गुराढोरांचा डॉक्टर व्हायचे असेल तर बी.व्ही.एससी.साठी नीटचे गुण लागतात, सीईटीचे नाहीत. नीट देऊनही राज्यातील जागांसाठी नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. मुंबईत परळला १८८६ सालापासून असलेले पशुवैद्यकीय महाविद्यालय याच विद्यापीठाचे आहे. अखिल भारतीय १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते. तिची नोंदणी आणखी निराळी.

चौथे दार साध्या पदवीचे, म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एससी.चे. येथे प्रत्येक विद्यापीठाची पद्धत आपापली. मुंबई विद्यापीठात आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी करावी लागते आणि मग हव्या त्या प्रत्येक महाविद्यालयाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. विद्यापीठाची नोंदणी झाली म्हणजे महाविद्यालयाला आपोआप कळते, असे समजून बसू नये.

दहावी झालेल्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांपुरता होता. २०२५ साली तो सबंध महाराष्ट्राला लागू झाला. आता तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयासाठीही शासनाच्या संकेतस्थळावरच अर्ज भरावा लागतो. १ ते १० पसंती देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर राहावे लागते.

आता प्रश्न असा की यांतले दार निवडायचे कसे? माझे सांगणे असे, की आधी संकेतस्थळ पाहू नये, आधी अभ्यासक्रम ठरवावा. मग त्या अभ्यासक्रमाची जागा कोण भरते ते पाहावे. राज्य भरत असेल तर सीईटी सेल, केंद्राची परिषद भरत असेल तर सीयूईटी, विद्यापीठ भरत असेल तर विद्यापीठ. एका अभ्यासक्रमाला दोन वाटा असतील तर दोन्ही अर्ज भरावेत. परीक्षेचे शुल्क दोनदा जाईल खरे, पण एका वर्षाच्या नुकसानीपुढे ते थोडे आहे. आपण एका पावसाच्या भरवशावर सगळे बियाणे पेरीत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट वेळेची. सीईटी आणि सीयूईटी यांचे अर्ज बारावीच्या निकालानंतर निघत नाहीत. त्यांची मुदत निकालाच्या कितीतरी आधी संपते. २०२५ साली जीवशास्त्र गटाची सीईटी एप्रिलमध्येच झाली होती. त्यामुळे "निकाल लागू दे, मग बघू" म्हणणाऱ्याला साध्या पदवीशिवाय दुसरे दार उघडे राहत नाही. दिवाळी झाली की या परीक्षांच्या सूचनांवर लक्ष ठेवावे.

तिसरी गोष्ट कागदांची. राज्याच्या अर्जाला आणि केंद्राच्या अर्जाला लागणारे दाखले सारखे नसतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, एसईबीसी हे प्रवर्ग राज्याचे आहेत. केंद्राच्या अर्जात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक एवढेच रकाने असतात. आपली जात केंद्राच्या इतर मागासवर्ग यादीत असेल तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याचा दाखला जोडून केंद्राचा अर्ज केला तर आरक्षणाचा लाभ हातचा जातो. राज्यातील राखीव जागांसाठी जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर लागते. वैधतेला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज अकरावीतच करावा. कृषी अभ्यासक्रमांत शेतकऱ्याच्या मुलांना जमिनीच्या आधारे जादा भारांकाची तरतूद असते. त्यासाठी ७/१२ लागतो. जमीन आजोबांच्या नावावर असेल तर नाते दाखवणारा कोणता कागद चालतो, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे. हे दाखले आपले सरकार सेवा केंद्रातून निघतात. जूनमध्ये तेथे रांग लागते, फेब्रुवारीत नसते.

चौथी गोष्ट पैशाची. "अर्ज, फेऱ्या यांची कटकट नको, आम्ही थेट जागा देतो," असे सांगणारे उन्हाळ्यात गावोगाव फिरतात. ही जागा बहुधा व्यवस्थापन कोट्यातली असते. शासनाने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. पण ही सवलत केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलेल्या मुलीला मिळते, व्यवस्थापन कोट्यातून गेलेल्या मुलीला नाही. म्हणजे त्याच महाविद्यालयात, त्याच वर्गात, एक मुलगी शुल्काविना शिकते आणि दुसरीच्या बापाला त्यासाठी बैलजोडी विकावी लागते. फरक फक्त दाराचा. आणि प्रवेश झाला म्हणजे सवलत आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी महाडीबीटी या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो, तोही दरवर्षी.

पाचवी गोष्ट खऱ्याखोट्याची. सरकारी संकेतस्थळासारखे दिसणारे खोटे संकेतस्थळ बनवणे सोपे झाले आहे. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असले म्हणजे खरे, एवढ्यावर भागत नाही, कारण सीईटी सेलचा खरा पत्ता 'महासीईटी डॉट ऑर्ग' असा आहे. म्हणून शोधून जे पहिले दिसेल ते उघडू नये. शाळेने किंवा महाविद्यालयाने दिलेल्या पत्रकातला, नाही तर अधिकृत माहितीपुस्तिकेतला पत्ता अक्षर न् अक्षर पाहून टाकावा. शुल्क त्या संकेतस्थळावरच भरावे, कोणाच्या खात्यावर पाठवू नये. पावती छापून घ्यावी.

अर्ज कॅफेतून भरला तरी मोबाईल क्रमांक घरचाच द्यावा. पुढच्या सगळ्या सूचना आणि ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. कॅफेवाल्याचा क्रमांक दिला तर जागा मिळाल्याचे त्याला कळते, आपल्याला नाही. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा. अर्ज पाठवण्याआधी मुलाने स्वतः नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग मोठ्याने वाचून दाखवावा आणि आईवडिलांनी दाखल्याशी ताडून पाहावा. आईला वाचता येत नसेल तरी तिला शेजारी बसवावे. घरातले कागद कोठे ठेवले आहेत हे बहुधा तिलाच ठाऊक असते.

शेवटी पसंतीक्रमाविषयी. "तेथे आपला नंबर लागणार नाही" म्हणून चांगले महाविद्यालय खाली लिहू नये. मनातली पसंती ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने लिहावी. वरचे नाही मिळाले तर खालचे पाहिले जाते, त्यात तोटा नाही. मात्र जेथे मुलाला पाठवायचेच नाही, जेथे वसतिगृह नाही आणि खोलीचे भाडे परवडत नाही, ते नाव केवळ रकाना भरायला लिहू नये. ते मिळाले तर घ्यावे लागते, नाही तर सोडून पुढचे गमावावे लागते. हा क्रम लावताना मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारावे. चार वर्षे तेथे आपल्याला नाही, त्यांना काढायची आहेत.

ज्यांच्या घरी यंदा दहावी-बारावीचे मूल आहे, त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर एका कागदावर तीन रकाने पाडावेत: अभ्यासक्रम, ती जागा कोण भरते, आणि अर्जाची शेवटची तारीख. तो कागद बियाण्याच्या पावत्यांजवळ भिंतीला लावून ठेवावा. येता-जाता दिसला की तारीख चुकत नाही.

पुढील लेखात शेततळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी पाण्याची तयारी कशी करावी, हे पाहू.