फलक लावला, हात धुतले!

दरवर्षी जून उजाडला की दोन घोषणा आपल्या कानांवर पडतात. एक वेधशाळेची, मान्सून कोकणात दाखल झाल्याची. आणि दुसरी जिल्हा प्रशासनाची, धबधब्यांवर जाण्यास बंदी घातल्याची. पहिली घोषणा कधीमधी चुकते. दुसरी न चुकता केली जाते आणि न चुकता मोडली जाते. पाण्यात उतरू नये, कड्याच्या टोकाशी छायाचित्रे काढू नयेत, मद्य बाळगू नये, बाटल्या फेकू नयेत, वाहने जवळ आणू नयेत, अशी ती लांबलचक यादी असते. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे. १ जुलै २०२४ पासून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. कलम बदलले, फलकावरचा रंग नवा झाला, डोह मात्र तोच राहिला. शासनाने मुदत वाढवून दिली नाही, तर असा आदेश दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. म्हणजे दर पावसाळ्यात तो नव्याने काढावा लागतो, जणू गतवर्षी काय घडले याची आठवण कोणालाच नसते.

शासनाविषयी तक्रार करणे सोपे आहे आणि आपल्याला त्याची सवयही आहे. आज मला बोलायचे आहे ते आपल्याविषयी. कारण असाच एक फलक आमच्या पॅरिश कौन्सिलनेही लावला आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एकोणीस वर्षांच्या एका तरुणाचा दफनविधी मी केला. तो गायकवृंदात गात असे. जुलैच्या एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून चार मित्रांसह दुचाकीवर तो पूर्वेच्या डोंगरात गेला, तो परतला दुसऱ्या दिवशी दुपारी, अग्निशमन दलाच्या गाडीतून. त्याच्या आईला घरी आवरत होतो तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला, ‘फादर, त्याला पोहता येत होतं ना हो?’ येत होते. तो क्लबच्या तलावात पोहायला शिकला होता. त्या बाईला मी काय उत्तर द्यायचे होते, ते मला आजही ठाऊक नाही.

महिन्याभराने कौन्सिलची सभा भरली आणि ठराव झाला: यापुढे धर्मग्रामातर्फे पावसाळी सहली, पदभ्रमण, डोंगरयात्रा यांचे आयोजन होणार नाही. ठराव एकमताने झाला असे कार्यवृत्तात लिहिले आहे. ते खरे नाही. मी विरोध नोंदवला होता आणि तोच विरोध आज येथे, सर्वांसमक्ष, पुन्हा नोंदवीत आहे.

वाचकहो, तो मुलगा धर्मग्रामाच्या सहलीत बुडाला नव्हता. धर्मग्रामाने सहल काढली नाही म्हणून पाच जण आपले आपण गेले आणि त्यांच्यातला एक बुडाला. मग बंद काय केले आपण? ज्या मार्गाने मृत्यू आला तो मार्ग मोकळाच आहे. बंद झाला आहे तो दुसरा, जिथे दोन वडीलधारी माणसे, एक दोर आणि वाट जाणणारा वाटाड्या बरोबर असण्याची निदान शक्यता तरी होती. पिलाताने पाणी मागवून हात धुतले, तेव्हा निदान लोकांसमोर तरी धुतले. आपण कार्यवृत्तात धुतले.

कोणी म्हणेल, फादरांना डोंगराचे वेड आहे, म्हणून हा कळवळा. वेड आहे, मी नाकारीत नाही. पण भीतीही आहे, आणि ती कशी जडली ते सांगतो. १९९६ साली सेमिनरीत शिकत असताना १५ ऑगस्टच्या सुट्टीत आम्ही सहा जण चिंचोटीच्या धबधब्यावर गेलो होतो. आमच्यापैकी कोणीही पूर्वी तेथे गेलेले नव्हते. ऊन पडले होते. डोहाचे पाणी नितळ होते, तळाचे दगड दिसत होते. आम्ही पाण्यात उतरून तासभर झाला असेल, तोच पलीकडच्या काठावरून मोळी घेऊन चाललेली एक वृद्ध वारली बाई आमच्यावर ओरडू लागली. आधी वाटले, आम्ही तेथे आलेले तिला रुचले नाही. मग आमच्यातल्या एकाने पाण्याकडे पाहिले. पाणी चहाच्या रंगाचे झाले होते आणि त्यावर सुकी पाने, काटक्या वाहत येत होत्या. आम्ही कपडे तेथेच टाकून काठावर चढलो. पुढे किती मिनिटे गेली हे मी सांगू शकणार नाही, पण आमचे कपडे ज्या कातळावर होते तो कातळ आम्हाला पुन्हा दिसला नाही. आमच्या डोक्यावर त्या वेळीही ऊनच होते. पाऊस वर डोंगरात झाला होता.

तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान या दोन्ही विषयांत उत्तम गुण मिळवलेले आम्ही सहा जण, आणि पाण्याचा रंग बदलला की बाहेर यायचे, एवढे ज्ञान आमच्याजवळ नव्हते. हे ज्ञान फलकावर लिहिलेले नसते. ‘प्रवेश निषिद्ध’ असे लिहिलेले असते. निषेधाने ज्ञान येत नाही. उलट ज्या दिवशी मनुष्य निषेध ओलांडतो त्या दिवशी तो पूर्ण अज्ञानी असतो.

सह्याद्रीचे आणि त्याच्या फाट्यांचे धबधबे पाहायला सुंदर आहेत, याचे कारणच ते घातक असण्याचे कारण आहे. लाव्हाच्या थरांवर थर साचून हा काळा कातळ झाला. कठीण थर आडवा टिकतो, त्याखालचा मऊ थर झिजतो, म्हणून पाणी घरंगळत न येता पायरीवरून थेट कोसळते. कोसळणारे पाणी खाली डोह कोरते, दगड गरगर फिरवून रांजणखळगे पाडते. वरून नितळ दिसणाऱ्या डोहात ओंजळभर खोलीच्या शेजारी दोन पुरुष खोलीचा खड्डा असतो. त्यात कोसळणारा प्रवाह तळापर्यंत जातो आणि वर येऊन पुन्हा धारेकडे ओढला जातो. त्या फेऱ्यात सापडलेला मनुष्य काठाकडे हात मारतो आणि धारेखाली जातो. शिवाय तेथील पांढरे फेसाळ पाणी म्हणजे अर्धी हवाच. ते शरीराला साध्या पाण्यासारखे तोलून धरीत नाही. क्लबच्या तलावात शंभर फेऱ्या मारणारा तरुण तेथे दगडासारखा का बुडतो, हे त्या आईला मी सांगू शकलो असतो. पण ते तिला नव्हे, तिच्या मुलाला आणि आधी सांगायचे होते.

आणि एक बुडू लागला की दुसरा त्याच्यामागे उडी घेतो. एकाच घरातील दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यांतल्या कितीतरी अशा घडलेल्या असतात. दोर फेकावा, ओढणी फेकावी, लांब काठी पुढे करावी, पण स्वतः उडी घेऊ नये. ही एक गोष्ट कॅटेकिझमच्या वर्गात दहा मिनिटांत शिकवता येईल. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण, एक स्त्री आणि चार मुले, वाहून गेली. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट बिलगून उभी असलेली ती माणसे साऱ्या महाराष्ट्राने भ्रमणध्वनीवर पाहिली, हळहळ व्यक्त केली आणि चित्रफीत पुढे पाठवली. त्याच जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना एक तरुणी दरीत कोसळली. तिच्या मृत्यूने त्या जागेची प्रसिद्धी कमी झाली की वाढली, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

येथे मला आजच्या एका शब्दाचा समाचार घ्यायचा आहे. ‘शोधलेला धबधबा.’ अमक्याने एक ‘अज्ञात’ धबधबा शोधला, तमक्याने एक ‘दडलेला’ धबधबा जगापुढे आणला. कोणाला अज्ञात? त्या ओढ्याच्या खालच्या अंगाला वारल्यांचा, कातकऱ्यांचा पाडा असतो. तेथील बाया त्याच पाण्यावर हंडे भरतात. त्या डोहाला त्यांच्या बोलीत नाव असते. कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे त्यांच्या पोरांना चालता येऊ लागल्यापासून ठाऊक असते. आपण भ्रमणध्वनीतला बाण पाहत, पाड्याच्या मधून, कोणाला रामराम न घालता जातो आणि म्हणतो, आम्ही शोधले! मग पुढच्या रविवारी चाळीस गाड्या येतात, त्याच्या पुढच्या रविवारी दोनशे. हंडे भरणाऱ्या बाईच्या पाण्यात बाटल्यांच्या काचा येतात. तुंगारेश्वराचा परिसर २००३ पासून अभयारण्य आहे, तेथे परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

त्या तरुणाचा देह ज्याने डोहातून वर काढला तो पाड्यातला मनुष्य होता. अग्निशमन दलाचे जवान दोर धरून वर उभे होते. पाण्यात तो उतरला, कारण देह कोठे अडकतो हे त्याला ठाऊक होते. मी त्याला भेटायला गेलो. पोरांनी तुम्हाला वाट विचारली होती का, असे विचारले. तो म्हणाला, ‘इचारलं असतं तर सांगितलं असतं. ती मोबाइलला इचारीत गेली.’ जिवंतपणी ज्याला आपण वाटाड्या म्हणून दिवसाचे पाचशे रुपये देत नाही, त्याला आपण मृतदेह काढायला बोलावतो.

स्तोत्र ४२ ची आठवण होते. धबधब्यांचा त्यात उल्लेख आहे, म्हणून दिनदर्शिकांवर आणि जुबिलीच्या कार्डांवर धबधब्याचे रंगीत चित्र छापून त्याखाली ती ओळ घालण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण ते स्तोत्र निसर्गशोभेचे नाही. यार्देन आणि हर्मोनच्या प्रदेशात, मंदिरापासून दूर पडलेल्या, लाटांखाली गुदमरलेल्या मनुष्याचा तो आक्रोश आहे. स्तोत्रकर्त्याला पाण्याची भीती माहीत होती. चित्र छापणाऱ्यांना ती माहीत नाही.

आता वसईकरांना थोडे कटू लागेल असे बोलतो. आपल्या बापजाद्यांना पाणी कोणी शिकवले? बावखलांनी. वाडीच्या कडेला बावखल असे. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून थोरला भाऊ धाकट्याला त्यात ढकलीत असे, आजी काठावर बसून शिव्या देत असे आणि महिन्याभरात पोर तरंगू लागे. तेथे पाण्याशी ओळख होई, पाण्याचा धाकही तेथेच बसे. मग जमिनीला भाव आला. आपण बावखले बुजवली. काही बिल्डरांनी बुजवली, पण काही आपणच आपल्या हातांनी मातीचे ट्रक आणवून बुजवली, हे विसरू नका. दारचे पाणी गाडून टाकल्यावर पोरे पाण्याच्या शोधात डोंगरात जातात, तर आपण त्यांना बेजबाबदार म्हणतो. बावखलाच्या थिजल्या पाण्यात पोहणारा डोहात तरलाच असता, असा माझा दावा नाही. पण पाण्याला न भिणारी आणि पाणी न जाणणारी अशी पिढी आपण तयार केली आहे, एवढे तरी मान्य करू या.

‘मग काही झाले तर जबाबदारी कोण घेणार, फादर?’ सभेत हा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला होता. प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून जाण्याची माझी इच्छा नाही. गोव्यात दूधसागरला काय चालते ते पाहा. ३१० मीटरांवरून मांडवीचे पाणी चार टप्प्यांनी उतरते. भर पावसाळ्यात तेथेही बंदी असते आणि तीही मोडली जाते. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत गेलेल्या तरुणांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ही बातमी आपण हसत हसत वाचली. पण पाऊस ओसरल्यावर तेथे काय होते? कुळेगावच्या स्थानिक लोकांच्या जीपगाड्या सुरू होतात, वनखात्याचे शुल्क भरावे लागते, अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. ती व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तेथील गर्दी पाहून मला गुदमरायला होते. तरीही तेथे कोणीतरी जबाबदारी घेतली आहे, आणि गावाच्या हाताला काम मिळाले आहे. आपल्या डोंगरात जुलैत बंदी असते आणि ऑक्टोबरात काहीच नसते.

म्हणून जबाबदारी कोण घेणार, याचे माझे उत्तर असे: मी घेतो. ऐन पावसात पाण्यात उतरण्याची वकिली मी करीत नाही. जुलै महिना धबधबा दुरून पाहण्याचा आहे. पण गणपती उठल्यावर, पाऊस ओसरल्यावर, पाणी वाहते असते आणि पिसाळलेले नसते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, वनखात्याची लेखी परवानगी घेऊन, आम्ही जाणार आहोत. तो पाड्यातला मनुष्य आणि त्याचा पुतण्या पुढे चालतील, आणि त्यांची मजुरी धर्मग्रामाच्या नव्हे तर सहभागी होणाऱ्यांच्या खिशातून आधी दिली जाईल. ज्याला पोहता येत नाही तो काठावर बसेल. ज्याला येते तो जाकीट घालून उतरेल. दोन दोर बरोबर असतील. तत्पूर्वी सप्टेंबरच्या तीन रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, सभागृहात पाण्याविषयी वर्ग होईल. वर्गाला न आलेल्याला सहलीला नेले जाणार नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो.

कौन्सिलचा ठराव अद्याप रद्द झालेला नाही, याची मला जाणीव आहे. तो रद्द करण्याचा प्रस्ताव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. त्या मुलाची आई सभेला येणार आहे. येते असे तिने स्वतःहून कळवले आहे.