पोरांनो, घरी सांगा!

भीमजयंतीच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत वस्तीतला तरुण अंगाला तेल लावून मंचावर उभा राहतो तेव्हा आमचीही छाती फुगते. ज्या समाजाला शतकानुशतके वाकून चालायला लावले, त्याच्या पोराने छाती काढून उभे राहावे, यात वावगे काय? परंतु ही छाती अंडी-केळी आणि मेहनतीची की सुईची, हे विचारण्याचे धाडस चषक वाटणाऱ्या आमच्यासारख्या पाहुण्यांनी कधी केले नाही.

व्यायामशाळेत 'कोर्स' म्हणून जे टोचले जाते ते टेस्टोस्टेरॉन किंवा त्याच कुळातले औषध असते. (दम्यासाठी डॉक्टर देतात ते स्टिरॉईड वेगळे, ते कुणी घाबरून बंद करू नये.) बाहेरून हे मिळू लागले की शरीर स्वतःचे संप्रेरक बनविणे थांबवते. वृषण आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. एकच सुई चौघांत फिरली तर कावीळ आणि एचआयव्हीची भीती वेगळीच.

आणि घरी काय सांगितले जाते? "आई, पावडरला पैसे दे." चार घरची धुणीभांडी करणारी आई पदराची गाठ सोडते.

'माझे शरीर, माझा प्रश्न' हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. लग्न होते, दोन-तीन वर्षे पाळणा हलत नाही आणि बोट वळते सुनेकडे. तपासण्या तिच्या, टोमणे तिला. नवऱ्याला ठाऊक असते, तरी तो गप्प. १९५१ साली मंत्रिपद सोडताना बाबासाहेबांनी जी कारणे दिली त्यांत हिंदू कोड बिलाची अडवणूक हे एक होते. त्यांचा फोटो भिंतीवर लावून त्याच भिंतीखाली निरपराध स्त्रीला वांझ ठरू द्यायचे? वीर्याची तपासणी साधी असते. औषध सोडल्यावर पुष्कळांचे शुक्राणू काही महिन्यांत, कुणाचे वर्ष-दोन वर्षांत परत येतात. सर्वांचेच येतात असे नाही.

औषध सोडल्यानंतरचे दिवसही कठीण. उमेद जाते, झोप उडते, जीव नकोसा होतो. घरच्यांना कारण ठाऊक नसले तर ते 'आळशी झाला' म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही कुणी बुवाकडे घेऊन जाते. न्यायला हवे डॉक्टरकडे, आणि तिथे सगळे खरे सांगायला हवे.

साऱ्या वस्तीत दवंडी पिटा असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टर, घरचे, बायको किंवा होणारी बायको यांना सांगा. आणखी एकाला सांगा: तुमच्याकडे बघून पोलीस भरतीसाठी व्यायामशाळेत आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला. तुमचे दंड अंड्यांनी झाले असे त्याला वाटते. तसे होत नाही म्हटल्यावर तोही सुईच शोधणार.

बापांनाही एक सांगणे आहे. पोरगा बोलायला आला की पट्टा काढू नका. मार खाल्लेला पोरगा दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही.

येत्या जयंतीला ज्या मंडळांना आम्हाला बोलवायचे असेल, त्यांच्यापुढे आमची एक अट आहे: चषकवाटपाआधी अर्धा तास वस्तीतल्या डॉक्टरला बोलू द्यावे, आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्या नगरसेवकांऐवजी स्पर्धकांच्या आयांना द्याव्यात.