हिरवा चेहरा, निळे झाड

मॉडर्न आर्टचे चित्र दिसले की आपल्या घरांत एक शेरा हमखास ऐकू येतो, "हे तर आमचा मुन्नाही काढील!" असा शेरा मारणारे आपण काही पहिले नव्हे. पॅरिसच्या नामवंत समीक्षकांनीही आधुनिक चित्रांची अशीच थट्टा केली होती.

१९०५ साली तिथल्या शरद प्रदर्शनात आंरी मातीस यांनी आपल्या पत्नीचे चित्र मांडले. डोक्यावर मोठी टोपी आणि चेहऱ्यावर चक्क हिरवे फटकारे! लोक हसले. त्या चित्रकारांच्या दालनात जुन्या वळणाची एक मूर्ती होती. ती पाहून लुई व्होसेल या समीक्षकाने लिहिले की, जुना इटालियन शिल्पकार दोनातेल्लो इथे 'फोव्ह'च्या, म्हणजे जंगली श्वापदांच्या, तावडीत सापडला आहे. टोमणा म्हणून आलेला हा शब्दच पुढे त्या चित्रपंथाचे नाव झाला.

१९१० मध्ये मातीस म्युनिकला इस्लामी कलेचे मोठे प्रदर्शन पाहायला गेले. पुढे स्पेनमधला अलहम्रा पाहिला, मोरोक्कोत राहिले. पूर्वेच्या कलेने आपल्याला वाट दाखवली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

आता घरातल्या जानमाजीची किनार पाहा, मशिदीची जाळी पाहा, खत्तातीतले एखादे वळण पाहा. यांत कुणाची हुबेहूब नक्कल असते का? तरी नजर ठरते, मनाला सुकून मिळतो. रंग आणि रेषा स्वतःच बोलतात, हे आपले कारागीर शतकानुशतके जाणून होते. मग "हे कशासारखे दिसते?" एवढाच प्रश्न आपण का विचारावा?

प्रत्येक आडवीतिडवी रेघ थोर असते, असे आमचे म्हणणे नाही. चित्र आवडले नाही, तर खुशाल सांगावे. पण आधी नीट पाहावे आणि मग कारण द्यावे.

वर्गात आम्ही पाहतो, निळे झाड काढणाऱ्या मुलीला "झाड हिरवेच असते" असे दोनदा ऐकवले की तिसऱ्यांदा ती पुस्तकातले झाड उतरवून काढते. चित्र सुबक होते, पण तिचे राहत नाही. म्हणून अम्मी-अब्बांना एवढीच विनंती: खोडरबर हातात देण्यापूर्वी "बेटा, निळे का गं?" असे एकदा विचारा. कदाचित तिच्या चित्रात रात्र झाली असेल.