बैलासाठी कायदा कोणी करीत नाही

गुलामगिरीचा विषय निघाला, की आपल्यातील सुशिक्षित माणसेही एक वाक्य हमखास उच्चारतात : ‘काळच तसा होता.’ हे वाक्य फार सोयीचे आहे. त्याने कोणी दोषी ठरत नाही, कोणाला शरम वाटत नाही आणि पुढचे काही वाचावे लागत नाही. परंतु अमेरिकेतील गोऱ्या मळेवाल्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले कायदे उघडून पाहिले, की ही सोय क्षणभरही टिकत नाही.

१६४० साली व्हर्जिनिया वसाहतीने कृष्णवर्णीय वगळून सर्वांना शस्त्रसज्ज करण्याचा कायदा केला. १६८० च्या कायद्याने गुलामाला बंदूक आणि तलवारच नव्हे, तर सोटा आणि काठीही निषिद्ध ठरवली. शिक्षा होती उघड्या पाठीवर २० फटक्यांची. धन्याच्या चिठ्ठीशिवाय मळ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, हेही त्यातच आले. १७२३ साली पुढची पायरी गाठली गेली. जे गुलाम नव्हतेच, अशा मुक्त कृष्णवर्णीयांच्या शस्त्रांवर बंधने आली आणि त्याच कायद्याने त्यांचा मताधिकारही गेला.

वाचकहो, बैलाने बंदूक बाळगू नये असा कायदा जगात कोणी केला आहे काय? घोड्याला अक्षर शिकवू नये अशी आज्ञा कोणी काढली आहे काय? कायदा माणसासाठीच करावा लागतो. ज्यांना आपण जंगम मालमत्ता म्हणून खातेवहीत नोंदवले, ती माणसे आहेत, त्यांना स्वातंत्र्याची तहान आहे, हे कायदा लिहिणाऱ्यास पुरते ठाऊक होते. शस्त्रबंदीचे प्रत्येक कलम म्हणजे त्याचा कबुलीजबाबच होय.

कोणी म्हणेल, बंडाची भीती होती, म्हणून हा बंदोबस्त. भीती होती हे खरे. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी दुकान फोडून शस्त्रे घेतली आणि बंड केले. पण १७४० च्या कायद्याने शस्त्रांबरोबर गुलामाला लिहायला शिकवणेही गुन्हा ठरवले. अक्षराने कोणाचा गळा कापला जातो? आणि शांतपणे घरदार चालवणाऱ्या मुक्त कृष्णवर्णीयाने कोणते बंड केले होते? १७९१ साली शस्त्र बाळगण्याचा जनतेचा हक्क संविधानात लिहिला गेला. पुढच्याच वर्षी नागरी सेनेच्या कायद्याने फक्त गोऱ्या नागरिकांची नोंदणी सांगितली. टेनेसी राज्याच्या संविधानात हा हक्क ‘मुक्त पुरुषांचा’ होता. १८३४ साली तो ‘मुक्त गोऱ्या पुरुषांचा’ झाला. गुन्हा पाहून नव्हे, कातडी पाहून हक्क वाटला गेला.

हा व्यवहार सर्वांत स्पष्ट शब्दांत मांडला तो १८५७ सालच्या ड्रेड स्कॉट खटल्यात, सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी. कृष्णवर्णीयांना नागरिक मानले तर त्यांना सभा भरवण्याचा, उघडपणे बोलण्याचा आणि शस्त्र घेऊन फिरण्याचाही हक्क द्यावा लागेल. म्हणून त्यांना नागरिक मानताच येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद! आधी निष्कर्ष, मग कारण. हे टॅनी कॅथलिक होते. स्वतःचे बहुतेक गुलाम त्यांनी पूर्वीच मुक्त केले होते. खाजगीत दया आणि न्यायासनावर अन्याय, या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

येथे आपल्याला आपल्याच घराकडे पाहावे लागते. १६६७ साली व्हर्जिनियाने ठरवले, की स्नानसंस्कार घेतल्याने गुलामाची गुलामी सुटत नाही. ते राज्य प्रॉटेस्टंटांचे होते, असे म्हणून सुटका नाही. १६८५ साली फ्रान्सच्या कॅथलिक राजाने, चौदाव्या लुईने, आपल्या वसाहतींसाठी संहिता काढली. तिच्या आरंभीच गुलामांना कॅथलिक धर्माची दीक्षा देण्याची आज्ञा आहे. आणि तीच संहिता पुढे गुलामाने शस्त्र किंवा मोठी काठी बाळगल्यास फटक्यांची शिक्षा सांगते. एका हाताने पवित्र पाणी, दुसऱ्या हाताने चाबूक. १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ माणसे विकली. १८३९ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला, तर चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी पत्रांमागून पत्रे लिहून समजावले, की हा निषेध व्यापाराचा आहे, घरच्या गुलामीचा नव्हे. काळच तसा होता म्हणावे, तर त्याच काळात खुद्द पोप काय बोलत होते?

आम्ही बंदुकीची भलामण करीत नाही. प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले. पण ती आज्ञा काळ्यासाठी एक आणि गोऱ्यासाठी दुसरी नव्हती. चाबूक आणि बंदूक आपल्या हाती ठेवून दुसऱ्याला सहनशीलता शिकवणे, हे शुभवर्तमान नव्हे.

१८६५ साली गुलामी संपली, आणि त्याच वर्षी मिसिसिपीने मुक्त झालेल्यांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास बंदी केली. १८६८ साली चौदावी घटनादुरुस्ती आली, तरी पुढची शंभर वर्षे झगडण्यात गेली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्यांना ‘काळच तसा होता’ हे उत्तर पटले नव्हते. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेनेगलमधील गोरे बेटावर, जेथे गुलामांच्या व्यापाराची आठवण जपली जाते, तेथे या पापाबद्दल क्षमायाचना केली. क्षमा पापाची मागतात, काळाची नव्हे.